तुझा लिफाफा मी उघडला नव्हता

रंजना, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले. एवढ्या दिवसांत मी बरीच कामं उरकली. आपल्या एम.एस्सी.च्या वर्गातल्या सगळ्यांना कळवलं. अकरा जणांनी उलट फोन केले. अकराही जण रडत सुरू झाले आणि तुझा एखादा किस्सा सांगत, हसत थांबले. दिवाकरभाऊंना लागणारे दाखले एका फायलीत लावून दिले. तुझ्या पोहण्याच्या वर्गातल्या बायकांना निरोप दिला, की वर्ग बंद होणार नाही, रविवारी सकाळी सहाला मी तळ्याच्या पाळीवर उभी असेन. मी पोहायला शिकवणार नाही, फक्त हजेरी घेणार आहे. हसू नकोस.

एक काम मात्र माझ्या वहीत वीसहून जास्त वर्षं पडून होतं. दरवर्षी नवी वही घेतली, की जुन्या वहीतली राहिलेली कामं मी तिच्यात उतरवते. त्यात हे असायचंच: 'रंजीला नीट विचारणे.' भंडाऱ्याचे दोन जिल्हे झाले तेव्हा तू मला एकटीला टाकून गोंदियाला का निघून गेलीस, एवढंच मला तुझ्या तोंडून खरंखरं ऐकायचं होतं.

गेल्या रविवारी उत्तर मिळालं. तुझ्याकडून नाही, तुझ्या नवऱ्याकडून, दिवाकरभाऊंकडून. ते ऐकल्यापासून मी तुझ्यावर इतकी चिडले आहे आणि इतकी खूश आहे, की आधी काय लिहावं ते कळत नाही. क्रमाने लिहिते. मला तेवढंच जमतं.

नागपूरला विद्यापीठात पहिल्याच प्रॅक्टिकलला आपल्या दोघींच्या वाट्याला मिळून एक मासा आला होता. मी तुमसरची, राइस मिलच्या मुकादमाची मुलगी. तू लाखांदूरकडची, तळ्याकाठी वाढलेली. मी जर्नल उघडून, पेन्सिलीला टोक करून तयार. तू ट्रेमधला मासा उचलून कल्ले पाहिलेस आणि म्हणालीस, "अवं, हा तं एकदम ताजा आहे. कापून वाया कायले घालवून राहिले हे लोक?"

सर मागेच उभे होते. "मग काय करायचं म्हणता?"

"आंबट टाकून रस्सा, सर."

सगळा वर्ग हसला. सरही हसले. मी तेवढी हसले नाही, कारण घड्याळात दहा मिनिटं गेली होती. पण तू सुरी हातात घेतलीस आणि मी पाहत राहिले. एक नस तुटली नाही. तुझ्या आकृत्या मात्र अशा, की मासा आहे की चप्पल ते विचारावं लागे. त्या दिवशीच कामाची वाटणी ठरली. तू कापायचं, मी नावं द्यायची. दोन वर्षं आपण तशीच काढली आणि दोघींना मार्क सारखे पडले.

नोकऱ्याही एकाच इमारतीत लागल्या. तू खाली मत्स्यव्यवसायात, मी वर आस्थापनेच्या टेबलावर. भंडाऱ्यात एक खोली घेतली. मी भिंतीवर कामांची यादी लावायचे: तुझी कामं, माझी कामं, रविवारची कामं. तू यायचीस आणि न केलेली कामं खोडून टाकायचीस.

"रंजे, पाणी भरलं नाहीस आणि खोडलंस?"

"खोडल्यावर बरं वाटते. तू करून पाह्य."

तू तळ्यावर जायला निघालीस, की जिन्यात शीळ वाजायची. बाई माणूस सरकारी कचेरीत शीळ घालते म्हणून तक्रार झाली होती. साहेबांनी विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "सर, ढिवर मंडळीले दुरून समजते का मॅडम आली. जाळं टाकून ठेवते लोक. वेळ वाचते." हे खरंही होतं. मासेमार सोसायटीचे म्हातारे तुला नावानं नाही, शिळेनं ओळखायचे. कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून तू त्यांच्याबरोबर जाळं ओढायचीस, त्यांची भांडणं पाण्यातच सोडवायचीस, आणि त्याचा अहवाल मात्र तीन-तीन महिने लिहायची नाहीस. शेवटी मीच लिहायचे. तुझ्या नावावर जी प्रशस्तिपत्रकं आहेत, त्यांतली भाषा माझी आहे. तळी तुझी.

मग ती यादी. मान्य, ती माझी चूक होती, पण तिच्यात हेतू चांगला होता. तुझं लग्न जमत नव्हतं, म्हणजे तू जमू देत नव्हतीस. तुझी आई चिंतेत. मी ओळखीपाळखीतून सात मुलांची माहिती गोळा केली आणि रकाने पाडले: शिक्षण, नोकरी, घर, स्वभाव, शेरा. तुझी आई आपल्या खोलीवर आली तेव्हा तिच्या हातात दिली. ती बिचारी मोठ्यानं वाचू लागली, "स्वभाव: शांत. शेरा: थोडा जास्तच शांत." तेवढ्यात तू आत आलीस.

"माय! हिनं माह्या लग्नाचं टेंडर काढलं का?"

"अगं, नुसती माहिती आहे..."

"शैले, तू माणसाईचेही रकाने पाडतेस! मी आता गोंदियालेच जातो. नवा जिल्हा, नवे लोक. तुही यादी तिथं पोचत नाही."

त्याच आठवड्यात कर्मचाऱ्यांकडून विकल्प मागवले होते, कोणाला कोणत्या जिल्ह्यात राहायचं त्याचे. नवा जिल्हा होणार म्हणून सगळ्याचीच वाटणी चालली होती. कपाटं, पंखे, टंकलेखन यंत्रं, फायली आणि माणसं. तू भांडणाच्या आधी विचारलं होतंस, "तळेही वाटून राहिले का? एखादा मासा भंडाऱ्यात झोपला अन् गोंदियात उठला तं कोणाच्या यादीत घालशील?" आता तू काहीच विचारत नव्हतीस. दोन आठवडे आपण एका खोलीत राहून भिंतीवरच्या यादीतून बोलत होतो. 'दूध आणणे.' 'आणलं.' 'कंदिलाची काच फुटली.' 'माहीत आहे.'

विकल्प बंद लिफाफ्यात द्यायचे होते. ते उघडून यादी करायचं काम माझं. माझी नोकरी तेव्हा कायम व्हायची होती, अंतिम आदेश महिन्याभरावर आला होता. वडील गेलेले, तुमसरला आई आणि दोन भाऊ माझ्या पगाराकडे डोळे लावून. तेव्हा काम चोखच करायचं. मी प्रत्येक लिफाफ्यावर आवक क्रमांक घातला, कात्रीनं कडा कापली, आतला फॉर्म दोनदा वाचला आणि मग नोंद केली.

फक्त तुझा लिफाफा उघडला नाही.

तू माझ्यासमोर सांगितलं होतंस. तुझं अक्षर पाहूनच मला राग आला होता. जा म्हटलं, जायचं तर जा. तुझ्या नावापुढे मी 'गोंदिया' लिहिलं आणि बंद लिफाफा तसाच गठ्ठ्यात बांधला. सगळ्या नोकरीत तेवढी एकच नोंद मी कागद न पाहता केली. आणि गेल्या रविवारपर्यंत मला ती नोंद चुकीची आहे हे माहीत नव्हतं.

आदेश निघाले. तू निरोप घ्यायला माझ्या टेबलाशी आलीस.

"जातो वो."

"तुझाच निर्णय आहे," मी म्हटलं. फायलीतून मान वर केली नाही.

तू काहीतरी बोलायला तोंड उघडलंस. मग शीळ घातलीस आणि जिना उतरून गेलीस. मी स्टँडवर सोडायला आले नाही.

वर्षभरानं लग्नाची पत्रिका आली. कोपऱ्यात तुझं चपलेसारखं अक्षर: 'तुह्या यादीतला नाही. तरी ये.' मी साहेबांचा दौरा आहे असं कळवलं. दौरा खरंच होता, पण रजा मागितली असती तर मिळाली असती. मी मागितली नाही. स्टीलच्या डब्यांचा संच गावच्या माणसाबरोबर पाठवून दिला आणि वहीत 'रंजीचं लग्न' हे काम खोडलं. तुझ्यासारखंच, न करता. मला काही बरं वाटलं नाही.

त्यानंतर सहा महिन्यांनी तू आमच्या कार्यालयाच्या दारात उभी. हातात पाणी आणि हवा भरलेली प्लॅस्टिकची मोठी पिशवी, आत बोटाएवढी माशांची पिल्लं वळवळत होती. मागे शिपाई, त्याच्याकडे आणखी दोन पिशव्या.

"शैले, जीप बंद पडली. बोटुकली मरून राहिली. पाणी कुठी आहे?"

दीड वर्षानंतरचं पहिलं वाक्य. कशी आहेस नाही, काही नाही. मी म्हटलं, "पिण्याच्या पाण्याचा ड्रम आहे."

"आण."

मी कार्यालयाचा ड्रम व्हरांड्यात ओढत आणला आणि कतला-रोहूची ती सगळी पलटण त्यात सोडली. जीप दुरुस्त होईपर्यंत दोन तास तू माझ्या टेबलावर बसून शेंगदाणे खाल्लेस. सगळं ठीक झालं असतं, पण आमच्या नव्या शिपायाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यानं साहेबांसाठी त्या ड्रममधून स्टीलचा ग्लास भरला. आतून आवाज आला, "अरे, हे काय हलतंय?"

तू आत धावलीस. "सर, पिऊ नका! सरकारी आहे तो!"

आपण दोघी त्या दिवशी जिन्यात बसून इतकं हसलो, की पोटात दुखायला लागलं. लग्नाचा विषय तू काढला नाहीस, मी काढला नाही. जीप सुरू झाली, तू गेलीस आणि आपली मैत्री पुन्हा चालू झाली, मधे काही झालंच नव्हतं अशी.

तुझी बदली होऊन तू लाखांदूरला परत आलीस तेव्हा मला चाळीस वर्षं पूर्ण झाली होती. तू जाहीर केलंस, की माशांवर एम.एस्सी. केलेली बाई पाण्याला घाबरते ही विद्यापीठाची बेअब्रू आहे. मी पोहायला काय काय लागेल त्याची यादी केली, चौदा वस्तू झाल्या. तू तुझ्या गावच्या तळ्याच्या पाळीवर ती यादी वाचलीस, घडी केलीस, ब्लाउजमध्ये खोचलीस आणि मला पाण्यात ढकललंस. तिसऱ्या रविवारी मी तरंगले. पाठीवर पडून, कान पाण्यात, वर नुसतं आभाळ. जन्मात पहिल्यांदा माझ्या डोक्यात पुढचं काम नव्हतं. तुझ्यामुळे मला मिळालेल्या गोष्टींची मोजदाद मी केलेली नाही. केली, तर ही पहिली.

तिथेच मी तुला विचारायचे. "रंजे, तू गोंदियाला का गेलीस?"

"तिकडचे तळे मोठे आहेत."

पुढच्या खेपेला, "दिवाकर भेटणार होता ना." त्याच्या पुढच्या खेपेला, "तुह्या घोरण्यानं." अशी नऊ उत्तरं माझ्या वहीत आहेत. एकही खरं नाही हे मला कळायचं. मी धरून बसले, की तू बुडी मारायचीस आणि पार तिकडे कमळांपाशी वर यायचीस. पाण्यात वाद घालायला मला अजून जमत नाही.

गेल्या रविवारी तुझ्या आठवणीसाठी पुण्यानुमोदन झालं. वंदना झाली, माणसं बोलली. सोसायटीच्या म्हाताऱ्या अध्यक्षांनी तुझी शीळ घालून दाखवली, ती फुसकन विरली आणि अख्खा मांडव हसला. जेवणं आटोपल्यावर दिवाकरभाऊंनी मला बाजूला बोलावलं. तुला माहीत आहे ते कसे बोलतात, चित्रकलेच्या मास्तरांनी फळ्यावर सावकाश रेघ ओढावी तसे.

"शैलाताई, हे तुमचं आहे."

जुना खाकी लिफाफा. त्यावर आवक क्रमांक, निळ्या शाईत, माझ्या अक्षरात. कडा कात्रीनं कापलेली नव्हती, बोटानं फाडलेली होती. आत विकल्पाचा फॉर्म. नाव तुझं. पसंतीचा जिल्हा: भंडारा. खाली दोन रेघा. आणि कारणाच्या रकान्यात, जिथे लोकांनी आजारी आईवडील, जोडीदाराची नोकरी असं लिहिलं होतं, तिथे तू लिहिलं होतंस: 'मैत्रीण इथे आहे.'

मी तो कागद दोनदा वाचला. मग तिसऱ्यांदा.

"हे... मग आदेश गोंदियाचा कसा निघाला?" मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळलं.

भाऊंनी सांगितलं. आदेश हातात पडल्यावर तू तडक अधीक्षकांकडे गेली होतीस. त्यांनी गठ्ठा सोडला, बंद लिफाफा सापडला, तो फाडून त्यांनी फॉर्म वाचला आणि भडकले. "लिफाफा न उघडता नोंद? ही मुलगी कायम व्हायची आहे ना? आत्ता मेमो काढतो."

"मंग रंजना म्हणे, 'सर, कोरा फॉर्म आहे का एखादा?' साहेब म्हणे, कायले? तं म्हणे, 'मी चुकून भंडारा लिहिलं. मले गोंदियालेच जायाचं होतं.' साहेबाले समजलंच असंल. पण तेही भले माणूस. दुसरा फॉर्म देला, हा तिले वापस देला. वरून म्हणे, असं कारण सरकारी कागदावर पुन्हा लिहू नका."

"तुम्हाला केव्हापासून माहीत आहे?"

"लग्नाच्या आधीपासून."

"आणि मला कोणी सांगितलं नाही!"

"तिनं शब्द घेतला होता, ताई. मी आहो तोवरी सांगाचं नाही. म्हणे, शैलीले समजलं तं ती जन्मभर माफी मागत बसंल. मंग मले भांडाले कोण राहीन?"

मी हसले की रडले ते मला सांगता येणार नाही. दिवाकरभाऊ म्हणतात दोन्ही, आणि मोठ्यानं.

तर रंजे, आता माझं ऐकून घे, पाण्याखाली जाऊ नकोस. तू माझी नोकरी वाचवलीस. माझ्या आईचं घर त्या नोकरीवर चाललं, भाऊ शिकले. हे मान्य आहे, हे मी मान खाली घालून मान्य करते. पण तू मला विचारलं नाहीस. एका मेमोनं मी मेले नसते कदाचित. तू माझ्या वतीनं परस्पर ठरवलंस, वर मला तुझ्यावर रुसू दिलंस, आणि त्या रुसव्यापायी मी तुझं लग्न चुकवलं. माफी मी मागणार नाही, तुलाच नको होती. भांडणार मात्र आहे. हा मुद्दा माझ्या बाजूनं चालू आहे असं समज.

भाऊंना मी शेवटी एवढंच विचारलं, "लग्नात तिनं माझी वाट पाहिली का हो?"

"मंग? भंडाऱ्याची बस येपर्यंत मांडवातल्या लोकाईले तिनं थांबवून ठेवलं. बस आली, तुम्ही नव्हत्या. म्हणे, लावा आता. तिचं काम निघालं असंल."

"तुमचं लग्न मला सांगा," मी म्हटलं. "पहिल्यापासून. काही सोडू नका."

"आता?"

"आत्ताच."

सतरंजीवर बसून त्यांनी सांगायला सुरुवात केली. तुमच्या कार्यालयात माशांचा तक्ता रंगवायला ते कसे आले, कतल्याचं डोकं लहान काढलं म्हणून तू त्यांच्या हातातून ब्रश कसा घेतलास. लग्नाच्या दिवशी तू पांढऱ्या साडीवर निळ्या काठाची शाल घेतली होतीस. स्वयंपाक्याचं मीठ जास्त पडलं आणि तू नवरीच्या वेषात चुलाण्याकडे जाऊन भातात पाणी वाढवायला लावलंस. सोसायटीचे सोळा ढिवर लाखांदूरहून एका ट्रॅक्टरमध्ये बसून आले, आहेर म्हणून जिवंत मरळ घेऊन. त्रिशरण, पंचशील झालं. हार घालताना भाऊंचा हात थरथरला, तर तू हळूच म्हणालीस, "मास्तर, सरळ रेघ काढा."

माझी वही पिशवीत होती. मी ती काढली नाही. एक अक्षर लिहिलं नाही. आजूबाजूच्या बायका येऊन बसल्या, तुझी मोठी बहीण मधेमधे भाऊंना दुरुस्त करू लागली, "भात नाही, वरण होतं खारट," आणि त्यावर दोघांची जुंपली.

"मंग लोकाईनं फुलं टाकले," भाऊ म्हणाले. "साधू, साधू, साधू."

तुझ्या फोटोपुढच्या ताटात शेवंती उरली होती. मी उठले, ओंजळ भरून घेतली आणि तुझ्यावर टाकली, हाराला लागून काही खाली पडली, काही तुझ्या खांद्यावर राहिली. मग मूठभर भाऊंच्या डोक्यावर टाकली. ते दचकले आणि तुझी बहीण खळखळून हसली. तिघांनी मिळून साधू म्हटलं.

रंजना, तुझ्या लग्नाला मी आले. जेवण चांगलं होतं. मीठ बरोबर होतं.